केरूला राजा म्हनायचं न्हाई

आता तुमी हसाल, पन नगरच्या दवाखान्यात माझं पयलं भांडान झालं, ते माझ्या पोराला कुनी "राजा" म्हनलं म्हनून.

बाहत्तरचा दुस्काळ. आमी मिरजगावच्या सडकेवर खडी फोडीत हुतो. तिथलं गढूळ पानी पोटात गेलं आन् वरसाच्या केरूला जुलाब लागलं. डोळं पार आत गेलं. मी आन् माझ्या मालकांनी यष्टी धरली, नगर गाठलं. लेकरांच्या वार्डात लिडिया नावाची शिस्टर हुती. तिनं केरूला उचललं आन् म्हनली, "अगंबाई, किती गोड आहे हा माझा राजा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "ओ बाई, त्वांड आवरा! केरू नाव हाय त्येचं."

आवो, ह्याच्या आधीची माझी दोन गेल्याली. दोनी गोरीगोमटी. येनारी-जानारी म्हनायची, गोजरबाईची पोरं लई देखनी. लागली नजर! म्हनून हा झाला तवा सासूनं त्येला उकिरड्यावर लोळवून आनला आन् नाव ठिवलं केरू. केराला कोन नजर लावतंय? मी बी कदी ग्वाड बोलले न्हाई. काळतोंड्या, शेंबड्या, आसंच. आन् ही बया आल्या आल्या राजा म्हनती!

"दृष्ट वगैरे काही नसतं, गोजरबाई," शिस्टर म्हनली. "पाणी खराब होतं. आधी साबणानं हात धुवा."

"हात धुते. तुमी जिभेला लगाम घाला."

मालक माझ्या कानाशी लागलं, "आगं, पोर तिच्या हातात हाय. जरा दमानं."

"तुमी गप ऱ्हावा."

पन शिस्टरला सवयच वंगाळ. सारखं आपलं सोन्या न् राजा. मी खाकरले की जीभ चावायची आन् हसायची. "चुकले बाई! केरूराव!"

मग एका दुपारी पोरानं मान टाकली. शीर घावंना, म्हनून सलायन लागंना. डाक्टर म्हनलं, मीठ-साखरेचं पानी चमच्यानं घाला, थांबू नका. मी घातल्यालं समदं पानी त्येच्या गालावरनं खाली आलं. मला वाटलं, हा बी चालला. मी वार्डभर गळा काढला, "हिनंच म्हनलं राजा! हिचीच लागली नजर!"

दुसरी आसती तर मला हाताला धरून भायेर काढली आसती. लिडिया शिस्टरनं माझ्या हातातला चमचा घेतला. मग तिनं केरूला मांडीवर घेतलं, चमचा भरला आन् म्हनली, "ए काळतोंड्या! गीळ मुकाट्यानं!"

मी रडायचीच थांबले.

"नाक बघा मेल्याचं, नुसता बटाटा! शेंबड्या, पी!" चमच्याला एक शिवी. लाजंनं त्वांड लाललाल झाल्यालं. डाक्टर वळून वळून बगायलं. जवळच्या शिव्या सरल्या तवा मलाच इचारती, "गोजरबाई, आणखी काय म्हणता तुम्ही?"

"खेटरतोंड्या," मी डोळं पुशीत म्हनले.

"गीळ रे, खेटरतोंड्या!"

मी सांगायची, तिनं म्हनायचं. तिची ड्युटी सरली, दुसरी शिस्टर बोलवाय आली, तरी ही उठली न्हाई. दिवस मावळायच्या टायमाला, सकाळधरनं थेंब बी न सोडल्याल्या केरूनं तिच्या पांढऱ्याफेक साडीवर धार सोडली. मी शरमले. ही वरडली, "मुतला! गोजरबाई, मुतला! वाचला तुमचा केरू!" आन् तशा वल्ल्या साडीनं माझ्या गळ्यात पडली.

घरी निघायच्या दिशी मी नारळ दिला, तिनं घेतला न्हाई. मग मी केरूलाच तिच्या कडंवर दिला.

"शिस्टरबाई, आता म्हना."

"काय म्हणू?"

"पयल्या दिशी म्हनला हुता, ते."

"आणि दृष्ट लागली म्हणजे?" लबाड हसली.

"तुमची लागू द्या. तुमची लागली तर जगंल त्यो."

तिचं हसू गेलं. केरूच्या टाळूवर गाल टेकून तशीच हुबी. यष्टी चुकंल म्हनून मालक तिकडं दारात चुळबुळत हुतं.

मग मीच म्हनले. जलमात पयल्यांदा.

"राजा, मावशीला रामराम कर."