माझी फुसफुस आणि दासोमची परीक्षा

मित्रांनो, बसच्या मागच्या झाकणाआड बसून आयुष्य काढलेला मी एक म्हातारा इंधनघट आहे. हायड्रोजन आणि हवा घ्यायची आणि वीज करायची, एवढंच माझं काम. धूर नाही, नुसतं पाणी ठिबकतं. कोरियातल्या चुनचॉन शहरात मी नवा आलो तेव्हा पोरं ओंजळी धरून कौतुक करायची. पुढे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

माझी तब्येत मात्र भारी नाजूक. पोटात पातळ पडदे आहेत. ते कोरडे पडले की अंगात जोर राहत नाही, आणि फार ओले झाले की हवेची वाट तुंबते, मी गुदमरतो. म्हणून बस उभी केली की मी थोडा वेळ फुसफुसत जादा पाणी बाहेर टाकतो. थंडीत तर हे हवंच.

आगाराच्या भिंतीला लागून दासोमचं घर. तिची कॉलेजप्रवेशाची परीक्षा आली होती. वर्षातून एकदाच होते ती. त्या दिवशी पोरांना आवाजाचा त्रास नको म्हणून आमच्याकडे विमानंसुद्धा गप्प बसवतात. आदल्या संध्याकाळी तिची आई खिडकीतून म्हणाली, "मुनभाऊ, तुमच्या बसला दमा झालाय का हो? पोरीला जरा डोळा तरी लागू दे."

आमचे ड्रायव्हर मुनकाका भिडस्त. "एका दिवसानं काय होतंय," म्हणत त्यांनी मुख्य बटणच बंद केलं. पाणी माझ्या पोटात तसंच राहिलं.

नेमकी कडाक्याची थंडी पडली. पाण्याचा बर्फ झाला, पडदे फाटले. सकाळी दासोम डबा घेऊन बसमध्ये चढली आणि बस काही हलेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बराच खटाटोप करून थकल्यावर मुनकाकांनी रस्त्यावर धावत जाऊन पोलिसाची मोटारसायकल थांबवली, तिला मागे बसवून पाठवलं. पण ती पोचली तेव्हा परीक्षा होती त्या शाळेचं फाटक बंद झालं होतं.

ती परत आगारात आली. डबा उघडलेलाही नव्हता. मुनकाका मान खाली घालून उभे राहिले.

"काका, माझ्यासाठीच बंद केलंत ना?"

"हो गं पोरी."

"मग मी रागवू तरी कुणावर?"

 

आता मी कार्यशाळेच्या कोपऱ्यात पडून असतो. माझ्या पडद्यांचं एवढं काही नाही, पण पोरीचं वर्ष गेलं, ते जिवाला लागतं. मित्रांनो, एखादं यंत्र कुरकुरलं तर त्याचं तोंड दाबण्याआधी एवढं विचारा, ते कशासाठी ओरडतंय.