पिवळा अंगठा

क्रेनवाल्याने गाडी गॅरेजच्या दारात उतरवली आणि मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीची डावी बाजू पार आत गेली होती, बंपर लोंबत होता, दिव्याचा चुरा झाला होता, आणि एवढं होऊनही बॉनेटवरचं ते नाक जिथल्या तिथे होतं. खऱ्या शर्यतीच्या गाडीत या नाकातून हवा आत जाते. या गाडीत ते चिकटपट्टीने नुसतं चिकटवलेलं होतं आणि त्याखाली अख्खा पत्रा होता. हवा तिथवर यायची आणि आल्या पावली परत जायची.

काल सकाळी उतारावर या गाडीचा ब्रेक गेला. गाडीत एकटी ताई होती, मिस्त्रीची थोरली बहीण. तिने पेडल दाबलं ते थेट तळाला टेकलं. खाली चौकात माणसं रस्ता ओलांडत होती. तिने हँडब्रेक ओढला आणि गाडी सरळ कडेच्या दगडी भिंतीवर घातली. जीव वाचला, पण उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. ताई दातांच्या कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवायचं काम, तेही तांदळाच्या दाण्याएवढ्या फरकाचं. हाड जुळेल, पण पकड पूर्वीसारखी येईल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

चार वाजता विम्याचा सर्व्हेअर येणार होता. तो गाडी बघणार, कोणी काय केलं ते विचारणार आणि लिहून नेणार. ज्याने ही गाडी रस्त्यावर सोडली त्याचं नाव आज कागदावर चढलंच पाहिजे, हे मिस्त्री सकाळपासून चौथ्यांदा बोलला होता. ऐकायला धाकटा भाऊ होता, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा.

"मी तर त्या गाडीकडे ढुंकूनही बघितलं नाही," मिस्त्री म्हणाला. हेही तो सकाळपासून म्हणत होता.

गॅरेज वडिलांचं. वडील गेल्यावर दोघा भावांनी ते मधोमध वाटून घेतलं. डाव्या हाताला मिस्त्री. तिथे खड्डा, ग्रीस, कळकट टेबल आणि गाडीच्या पोटातली सगळी कामं. उजव्या हाताला धाकटा. तिथे पांढरे दिवे, पॉलिशचं यंत्र आणि काचेच्या कपाटात नाकं, पंख, चकचकीत नळकांडी. गिऱ्हाइकं त्याला आर्टिस्ट म्हणायची आणि मिस्त्रीला दर वेळी हसू यायचं. साधी गाडी द्या आणि तिची शर्यतीची बहीण घेऊन जा, हा धाकट्याचा धंदा. हात मात्र सुरेख होता त्याचा. दहा पावलांवरून खरी आणि खोटी शेजारी उभी केली तर कंपनीवालासुद्धा चकला असता.

भाऊजी लिफ्टच्या कंपनीत विभागप्रमुख होते. त्यांचा साहेब खरी गाडी चालवायचा, आणि पार्किंगमध्ये त्याची आणि भाऊजींची जागा शेजारीशेजारी. तेच मॉडेल, पण साहेबाची वरची आणि भाऊजींची सगळ्यात खालची. रोज सकाळी दोन गाड्या शेजारी उभ्या राहायच्या आणि रोज सकाळी भाऊजींचा दिवस तिथेच नासायचा. मग एक दिवस त्यांनी गाडी धाकट्याकडे आणली. तीन आठवडे ऑफिसात सांगितलं, जुनी काढली, नवी बुक केलीय.

तेव्हाच मिस्त्री त्यांना म्हणाला होता, "भाऊजी, तीच हवी असेल तर तीच घ्या. थांबा दोन वर्षं आणि घ्या."

"अरे, घेऊन करू काय? मला का शर्यतीत पळवायचीय? घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. दिसली तशी की झालं."

"मग दिसण्यासाठी एवढा उपद्व्याप कशाला? आहे ती काय वाईट आहे?"

"तुला नाही कळायचं," भाऊजी म्हणाले. मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बावीस वर्षं गाड्यांच्या खाली पाठ घासलेल्या माणसाला लिफ्टवाल्याने गाड्यांतलं कळत नाही म्हणून सांगावं, हे त्याला गिळवलं नाही. पण बहिणीचा नवरा. बोलणार किती आणि कुठवर? त्याने हात झटकले. या सोंगाला मी हात लावणार नाही, असं त्याने दोघांच्या तोंडावर सांगितलं आणि आपल्या खड्ड्यात उतरला.

सोंग मात्र झकास उतरलं. मागे चार सायलेन्सर आले, त्यातले तीन मुके. ब्रेकवर लाल प्लास्टिकची टोपणं आली, चाकाच्या आरपार दिसणारी. वरच्या मॉडेलचा बिल्ला आला. साहेबाने एकदा बॉनेट उघडून दाखव म्हटलं, तर भाऊजींनी इंजिन तापलंय म्हणून वेळ मारून नेली. साहेब दर आठवड्याला विचारायचा आणि भाऊजींचं इंजिन दर आठवड्याला तापलेलं असायचं. ताई हे सगळं हसत सांगायची. तिला गाडी कशी दिसते याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आठवड्यातून तीन दिवस तिला कवळ्यांचे डबे डॉक्टरांकडे पोचवायचे असायचे, आणि रस्ता तो उताराचा.

"तीनला वीस कमी," मिस्त्री म्हणाला. "चल, जॅक लाव. सर्व्हेअर यायच्या आधी मला बघू दे तू काय काशी केलीयस ती."

धाकटा जागचा हलला नाही. "दादा, ऐक ना. अशाच एका गाडीच्या अख्ख्या स्प्रिंगा माझ्याकडे पडल्यात. तासाभरात बसवू. चाकंही जुनी घालू. उगाच कशाला..."

"अख्ख्या म्हणजे? या गाडीच्या काय केल्यास?"

धाकटा फडक्याने हात पुसू लागला.

"कापल्यास," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला, आणि तो खाली आला की धाकटा लहानपणापासून टरकायचा. "नव्या नाही घातल्यास. आहेत त्याच कापल्यास."

"दीड वेटोळं फक्त. गाडी खाली बसल्याशिवाय तशी दिसतच नाही, दादा. उंच राहिली की कोणीही ओळखतं."

"मीच सांगितलं त्याला," भाऊजी खुर्चीतून म्हणाले. "त्याच्यावर कशाला ओरडतोस? आणि बसवतो म्हणतोय ना तो अख्ख्या. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय," मिस्त्री म्हणाला. "ताईचं मनगट मोडलंय आणि तुम्ही विचारताय कोणाला कळणार आहे? गाडी आहे तशीच राहील. एक नट इकडचा तिकडे होणार नाही. सर्व्हेअर येईल, बघेल, आणि तुम्ही दोघं तोंडाने सांगाल काय केलंत ते. नाही सांगितलंत तर मी सांगेन."

त्याने स्वतः जॅक लावला. उजवं पुढचं चाक काढलं. लाल टोपण उपटून टेबलावर आपटलं, ते दुभंगलं. त्याच्या आत जुना, गंजका, साधा ब्रेक होता. मग तो खाली वाकला आणि त्याला ते दिसलं. ब्रेकची रबरी नळी एका बाजूने पार सोलली गेली होती. गाडी खाली बसवली, वर रुंद टायर चढवले, आता चाक पूर्ण वळलं की टायर नळीला घासणार. दर वळणाला थोडी थोडी. सहा आठवडे घासत होती. काल उतारावर ताईने जोरात पेडल दाबलं तेव्हा ती फुटली.

"या इकडे. दोघंही या. बघा डोळे उघडून."

दोघं आले आणि वाकले.

"हे खाली पडून बघणाऱ्याला दोन मिनिटांत दिसलं असतं. स्टिअरिंग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. बस. वडिलांनी काय शिकवलं होतं? कामाला हात कोणाचाही लागो, दारातून बाहेर जाणारी प्रत्येक गाडी एकाने तरी खालून बघायची. आणि बघितल्याशिवाय अंगठा नाही."

ही त्या गॅरेजची रीत होती. वडिलांना सही जेमतेम यायची. गाडी खालून तपासली, चालवून आणली, की ते पिवळ्या रंगात अंगठा बुडवून चालकाच्या दाराच्या चौकटीत, खालच्या बिजागरीपाशी उमटवायचे. कागद हरवतात, अंगठा गाडीबरोबर जातो, म्हणायचे. त्यांच्यामागे तो अंगठा मिस्त्रीकडे आला. गावातली अर्धी माणसं गाडी विकत घेताना आधी दार उघडून वाकून बघायची.

"अंगठ्याशिवाय गाडी बाहेर काढलीत," मिस्त्री म्हणाला. आता त्याला थांबवणारं कोणी नव्हतं. "चोरासारखी काढलीत. दाखवायला घोडा आणि आत गाढव, तेही लंगडं. आणि बसवलंत कोणाला? माझ्या बहिणीला. तुम्हाला लाज..."

"ओरडू नकोस रे."

ताई दारात उभी होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला, कपाळावर पट्टी. सर्व्हेअरला जबाब द्यायला ती आली होती. भाऊजींनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"त्यांना खुशाल बोल," ती म्हणाली. "मीही बोलणार आहे, घरी गेल्यावर. पण चोरासारखी काढली असं म्हणू नकोस. अंगठा होता."

"कसला अंगठा?"

"तुझा. रोज दार उघडलं की मला दिसायचा. तो होता म्हणून तर मी बसायची."

मिस्त्रीने दार ओढलं. धडकेच्या धक्क्याने तेही वाकलं होतं, करकरत अर्धंच उघडलं. बिजागरीपाशी पिवळा अंगठा होता. मिस्त्री ताडकन धाकट्याकडे वळला. त्याचा हात वर गेला होता.

"माझा अंगठा रंगवलास? बिल्ला खोटा, नाक खोटं, आता माझा अंगठाही?"

धाकटा मागे सरला नाही. "दादा, बाकी सगळं खोटं मीच लावलंय," तो म्हणाला. "अंगठा तुझा आहे. नीट बघ."

मिस्त्रीने वाकून बघितलं. लहानपणी त्याचा अंगठा पंख्याच्या पात्यात सापडला होता. तेव्हापासून त्यावर आडवा व्रण होता, आणि रंगात उमटला की मधोमध एक कोरी रेघ राहायची. ती रेघ तिथे होती.

मग त्याला ती संध्याकाळ आठवली. आठवत होतीच, पण आजवर तो तिच्यातलं हवं तेवढंच बाहेर काढत होता. भाऊजी गाडी दारात आडवी लावून हॉर्न वाजवत होते. ताई बाहेर उभी होती, त्याचा अंगठा झाल्याशिवाय मी बसणार नाही म्हणत होती. आणि तो खड्ड्यातून वर आला होता, डोकं फिरलेल्या अवस्थेत. हे सोंग डोळ्यांपुढून जावं एकदाचं, एवढंच मनात होतं. डबीत अंगठा बुडवला, दार उघडलं, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि दाबला. न्या, म्हणाला. खाली वाकला नाही. वाकायला त्याला कमीपणा वाटला होता. त्या खोट्या गाडीखाली आपली पाठ टेकायची नाही, हा त्याचा माज होता, आणि सकाळपासून तो हाच माज स्वतःच्या निर्दोषपणाचा दाखला म्हणून सगळ्यांना ऐकवत होता.

राग गेला नव्हता. उलट सकाळी होता त्याच्या दुप्पट झाला होता, फक्त आता फेकायला समोर माणूस नव्हता. दोघांनी मूर्खपणा केला होता, पण त्यांना कळतच नव्हतं ते काय करतायत. त्याला कळत होतं. चौघांत त्याला एकट्यालाच कळत होतं.

बाहेर मोटारसायकल थांबली. सर्व्हेअर आला होता.

धाकट्याने कपाटातून थिनरची बाटली काढली आणि फडक्यावर ओतली. वास पसरला. "दादा," तो हळू आवाजात म्हणाला, "सरक. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. माझं नाव जाऊ दे कागदावर, मीच केलंय. तुझं कशाला? अंगठ्यावर सगळं गॅरेज चाललंय."

भाऊजी होकारार्थी मान हलवत होते. ताईने डाव्या हाताने प्लास्टर सावरलं आणि ती मिस्त्रीकडे बघत राहिली.

मिस्त्रीने फडकं त्याच्या हातातून हिसकावलं आणि खड्ड्यात भिरकावलं. मग एक पाय चौकटीला लावून त्याने ते वाकडं दार दोन्ही हातांनी ओढलं, पूर्ण उघडेपर्यंत.

सर्व्हेअर तरुण होता, घाईत होता. त्याने पुढच्या भागाचे फोटो घेतले, फुटलेल्या नळीचा घेतला, कापलेल्या स्प्रिंगेचा घेतला. धाकट्याने आपलं सांगितलं, भाऊजींनी आपलं. त्याने लिहून घेतलं.

"हे सगळं झाल्यावर गाडी खालून कोणी तपासली?"

"कोणीच नाही," मिस्त्री म्हणाला.

सर्व्हेअर उघड्या दाराशी वाकला. "मग हा अंगठा कोणाचा?"

"माझा," मिस्त्री म्हणाला आणि हात पुढे केला.