सेर्वाला न टोचलेला बोल्ट

मित्रांनो, मी कुमासी शहरातल्या एका मैदानावरची जुनी खुर्ची आहे. टेनिस खेळण्यासाठी केलेली, चाकांची. माझी चाकं खाली फाकलेली आहेत, म्हणून मी जागच्या जागी गर्रकन वळते. परदेशात कुणीतरी मला वापरून टाकलं आणि मी जहाजातून इथे आले. आले तेव्हाच माझी गादी अर्धी चेपलेली होती.

ओपारे सर इथे खेळ शिकवतात. त्यांनी मला सेर्वाला दिलं. सेर्वा कपडे शिवायची. ती बसली होती तो कोकोच्या पोत्यांचा ट्रक उलटला, त्यात तिचा पाठीचा कणा मोडला होता. कमरेखाली तिला काहीच कळत नसे. पण हात! आमच्या खेळात चेंडूला दोन टप्पे चालतात. सेर्वा दुसऱ्या टप्प्याची वाट क्वचितच पाही. दोन वर्षांत तिला हरवणारं कुणी उरलं नाही. लोक तिच्याबरोबर मलाही थोपटत.

मग गादी पार झिजली आणि खालचा एक बोल्ट वर आला. प्रत्येक फटक्याला तो तिच्या मांडीमागे घासला जाई. तिला कळत नव्हतं. मला कळत होतं.

स्पर्धेसाठी नैरोबीला जाणाऱ्या संघाची निवड तीन दिवसांवर आली. तिची मोठी बहीण पोकुआ तिला माझ्यावरून उतरवत होती, तेव्हा पोकुआचा हात ओला झाला.

“अगं, रक्त आहे हे! कधीपासून?”

“हळू बोल ना ताई. सरांनी ऐकलं तर घरी बसवतील.”

“बसवू देत! दवाखान्यात चल आधी.”

“मला दुखत नाही, मग तुला गं का दुखतंय? निवड होऊ दे, तू नेशील तिथे येते. शप्पथ!”

पोकुआ चिडली, रडली, आणि शेवटी तिनं जखमेवर फडकं बांधलं.

निवडीच्या दिवशी सेर्वा तापानं फणफणली होती. ऊन लागलंय, म्हणाली. तीन सेट खेळली आणि जिंकली. रॅकेट उंच केली आणि माझ्या कमरपट्ट्यात बांधलेली तशीच पुढे कलंडली. ओपारे सर धावत आले. माझी लाल झालेली गादी दिसताच त्यांनी घाईनं तिचा पट्टा सोडला.

“पोरी, एका शब्दानं तरी सांगायचंस!”

दवाखान्यात कळलं, जखम हाडापर्यंत गेली होती, विष रक्तात भिनलं होतं. संघ नैरोबीला गेला, त्याच आठवड्यात सेर्वाला पुरलं.

नंतर पोकुआ सुतकाच्या लाल-काळ्या कपड्यांत मैदानावर आली. तिनं माझ्या बैठकीवर तळहात ठेवून जोर दिला आणि झटकन मागे घेतला.

“एवढं टोचत होतं? सर, मी जखम बांधली आणि तिला परत हिच्यावरच बसवलं हो.”

“मीही दोन वर्षं तिचे हातच बघत राहिलो,” सर म्हणाले.

मित्रांनो, मला अजून मोडीत काढलेलं नाही. उद्या माझ्यावर दुसरी कुणी बसेल. तिला बसवण्याआधी आपला उघडा तळहात माझ्यावर दाबून पाहा. आणि खेळ संपला की तिची कातडी तपासा, ती हसून नको म्हणाली तरी.