उलट्या डावातले पिवळे जहाज

मित्रांनो, मी एक जुने जहाज आहे. पण शिपाईमामांचे ओले फडके सोडले, तर पाणी कसे असते ते मला ठाऊक नाही. लांबीला मी वीतभर. जुन्या जिन्याचा लाकडी कठडा मोडला तेव्हा सुताराने त्याच्या तुकड्यांतून आमचा सारा ताफा कोरला. बाकीच्यांना करडा रंग मिळाला, कारण त्या युद्धनौका. माझ्या वाट्याला डब्याच्या तळाशी उरलेला पिवळा आला. मी मालवाहू, शिवाय तटस्थ. म्हणजे भांडणाऱ्या दोघांपैकी कोणाचेच नाही. भांडणात अशांचे जे होते, तेच माझे होत आले.

माझे घर म्हणजे नौदलाच्या अधिकाऱ्यांचे महाविद्यालय. इथले विद्यार्थी पोट सुटलेले, चष्मा लागलेले. अर्धे आयुष्य समुद्रावर काढून ते पुन्हा बाकावर येऊन बसतात आणि समुद्राचे कायदे, व्यापार, इतिहास, शेजाऱ्यांची भाषा शिकतात. पहिला महिनाभर प्रत्येकाचे तोंड शिक्षा झाल्यासारखे असते. जहाज हाकता येते, तोफ डागता येते, मग आता हे कशाला? उत्तर साधे आहे. भर समुद्रात परक्या जहाजाशी गाठ पडली की तिथे मंत्री नसतो आणि वकीलही नसतो. जो अधिकारी समोर उभा असतो, त्याच्याच तोंडाने देश बोलतो. पुढे यांच्यातल्याच काहींना परदेशातल्या वकिलातीत पाठवतात. तिथे तर तोफही जवळ नसते.

आमचे काम एका मोठ्या निळ्या टेबलावर चाले. टेबल म्हणजे समुद्र. मधोमध पडदा, म्हणजे एका बाजूची चाल दुसरीला दिसू नये. एक निवृत्त कप्तान लांब काठीने आम्हाला सरकवत. त्यांना सगळे ‘पंच’ म्हणत. ते कमी बोलत आणि हिशेब सगळ्यांचा ठेवत. मीही ठेवी. कोण जिंकण्यासाठी खेळतो, कोण शेजाऱ्याच्या कागदात डोकावतो, कोण हरला की पंख्याला दोष देतो, हे टेबलावरून फार छान दिसते.

त्या वर्षीच्या वर्गात एक अधिकारी होता. नेम अचूक, आवाज मोठा, म्हणून त्याचे नाव पडले ‘तोफ’. त्याच्या समोरच्या बाजूला शेजारच्या देशातून शिकायला आलेला एक अधिकारी बसे. त्याला सगळे ‘पाहुणा’ म्हणत. पाहुणा सावकाश बोले आणि त्याहून सावकाश चहा पिई. तोफेला दोन्हींचा राग येई.

डाव सुरू झाला आणि तोफेने पहिल्याच फेरीत मला बुडवले.

“हे पिवळं कशाला बुडवलं?” पंचांनी विचारले.

“मध्ये आलं, सर.”

“त्यात माणसं किती होती?”

“सर, ते लाकडाचं आहे!”

वर्ग खदखदून हसला. पंचही हसले आणि त्यांनी मला आडवे करून टेबलाच्या कडेला ठेवले. “उद्या उलटा डाव,” ते म्हणाले.

उलटा डाव ही या खोलीची जुनी रीत. डावाच्या शेवटच्या दिवशी दोन्ही बाजूंनी खुर्च्या बदलायच्या आणि काल ज्याच्याशी भांडलो किंवा ज्याला बुडवले त्याचीच बाजू मांडायची, तीही मनापासून. दुसऱ्या दिवशी मी ज्या देशाचा माल नेत होतो, त्या देशाचा वकील म्हणून तोफेला बसवले. समोर पाहुणा तोफेची भूमिका करायला बसला. पठ्ठ्याने मिशी नसताना मिशीवरून बोट फिरवले, खुर्चीत रेलला आणि तोफेच्याच आवाजात म्हणाला, “मध्ये आलं.”

तोफ लाल झाला. “मध्ये आलं म्हणजे काय? आमची माणसं होती त्यात!”

“किती?” पंचांनी विचारले.

“बावीस!” तोफेच्या तोंडून निघून गेले.

“काल लाकडाचं होतं ना रे?”

या वेळी कोणी हसले नाही. वर्ष संपल्यावर सगळ्यांना प्रमाणपत्रे मिळाली. तोफेच्या हातात पंचांनी मलाही दिले. “तू बुडवलंस, तूच सांभाळ.”

घरी त्याच्या लेकीने मला उलटेपालटे करून पाहिले. “बाबा, वर्षभर अभ्यास करून हे बक्षीस? आमच्या शाळेत निदान पेन तरी देतात.”

त्यानंतरची माझी वर्षे काही मानाची नव्हती. मी कागदांवरचे वजन झालो. मग तोफेची बदली शेजारच्या देशातल्या आपल्या वकिलातीत झाली आणि तिथे खिडकी आपटू नये म्हणून मला फटीत कोंबले. माझ्या डोलकाठीचे टोक असे गेले. तक्रार कोणाकडे करणार?

अशातच एक दिवस धुक्यात आपली एक गस्ती नौका इंजिन बंद पडून वाहत त्या देशाच्या हद्दीत गेली. त्यांनी ती पकडली. बारा खलाशी अडकले. ते म्हणत, हेरगिरी करायला आलात. आपले वरिष्ठ म्हणत, हद्द ओलांडलेलीच नाही. बोलणी करायला तोफेला नेमले. समोरच्या बाजूने कोण आला असेल? केस पांढरे झालेला, पण चहा तितकाच सावकाश पिणारा पाहुणा.

दोन दिवस दोघांनी आपापल्या देशाची वाक्ये एकमेकांना वाचून दाखवली. संध्याकाळी वकिलातीत फोन वाजला. एका खलाशाची बहीण होती.

“दादा, त्याला दमा आहे हो. पंप त्याच्याजवळ आहे का, एवढं तरी विचाराल?”

तोफेने फोन ठेवला. मग खिडकीपाशी येऊन त्याने मला फटीतून ओढून काढले. खिडकी धाडकन आपटली.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या कोटाच्या खिशातून बोलण्यांना गेलो. त्याने आधी दम्याच्या पंपाची चौकशी केली, मग मला टेबलावर ठेवले आणि सरळ पलीकडे जाऊन पाहुण्याच्या शेजारी उभा राहिला.

“ऊठ. उलटा डाव.”

पाहुण्याने मला ओळखले. त्याचे लोक एकमेकांकडे बघत असतानाच तो उठून तोफेच्या खुर्चीत येऊन बसला.

तोफ पाहुण्याच्या खुर्चीतून बोलू लागला, “माझ्या किनाऱ्यावर मच्छीमार राहतात. धुक्यातून परकी नौका येते, हाक मारली तर उत्तर देत नाही. मी पकडणारच. आणि वर तुम्ही म्हणता, आलोच नव्हतो! आधी आलो होतो असं म्हणा, मग पुढचं बोलू.”

पाहुण्याने मला उचलून आपल्यासमोर ठेवले. मग हळू आवाजात म्हणाला, “इंजिन बंद होतं, म्हणून रेडिओही बंद. हेर असे वाहत येत नाहीत. माझ्या एका पोराला दमा आहे. नौका तपासायला ठेवा हवी तर. माणसं द्या.”

दोघांनाही आपापले उत्तर समोरच्याच्या तोंडून मिळाले होते. तोफेने ‘नौका चुकून हद्दीत आली’ असे लिहून सही केली. पाहुण्याने हेरगिरीचा आरोप मागे घेतला. नौका तपासासाठी तिथेच राहिली, बाराही जण घरी आले.

वरिष्ठ मात्र भडकले. “कबूल करायला कोणी सांगितलं होतं?”

“हद्द ओलांडली होती, साहेब.”

बढतीच्या पुढच्या यादीत त्याचे नाव नव्हते. त्याची बायको म्हणाली, “म्हणजे ॲडमिरलीणबाई व्हायचं माझं राहिलंच.” मग जरा थांबून तिने विचारले, “दम्याचा मुलगा बरा आहे ना?” तो बरा होता. माझ्या हिशेबात एका बाजूला बारा माणसे, दुसऱ्या बाजूला खांद्यावरची एक पट्टी. तोफेने ही बेरीज कधी करून दाखवली नाही. यादी लागली त्या दिवशी तो जेवला मात्र नाही.

आता तो निवृत्त आहे आणि त्याच महाविद्यालयात पंच आहे. खोलीत पडदा जाऊन संगणक आले, तरी निळे टेबल त्याने हलवू दिलेले नाही. मध्यंतरी संग्रहालयाची माणसे आली होती. माझी हकिकत ऐकून म्हणाली, याला काचेच्या कपाटात ठेवू, खाली छान पाटी लावू.

मित्रांनो, मान कोणाला नको असतो? पण तुमचे कोणी संग्रहालयात असेल, तर त्यांना माझा निरोप सांगा. मला जपायचे असेल तर टेबलावरच राहू द्या. डोलकाठी जोडली नाही तरी चालेल. कपाटात मला कोणी बुडवणार नाही हे खरे, पण मग तो धडा समुद्रावर शिकावा लागेल, आणि तिथली जहाजे लाकडाची नसतात. कालच एका हुशार अधिकारी बाईंनी मला पहिल्या फेरीत बुडवले. तोफेने मला आडवे करून कडेला ठेवले आणि विचारले,

“त्यात माणसं किती होती?”

बाई हसल्या. उद्या त्यांचा उलटा डाव आहे.