घर बघायला गेलो आणि पळालो

डहाणूतलं ते घर अगदी कोरं होतं. खिडक्यांच्या काचांवरचे स्टिकरसुद्धा निघाले नव्हते. प्रितेशभाईंनी ते स्वतःसाठी बांधलं, पण बदली बडोद्याला झाली, म्हणून विकायला काढलं. ते कौतुकाने किचनचे ड्रॉवर उघडून दाखवत होते आणि मी पलंगाच्या जागेपासून दारापर्यंत पावलं मोजत होते. अकरा.

"भाभी, माळ्याकडे काय बघताय?"

"पलंगावर पडेल का, ते."

"काय पडेल?"

"माळ्यावरचं सगळं."

त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नविनने खांदे उडवले. "आम्ही वेवजीचे," एवढंच म्हणाला.

वेवजीत गेली काही वर्षं जमीन हलते. रोज नाही, पण कधी हलेल ते सांगून हलत नाही. मयुरा पोटात होती तेव्हापासूनचं हे. ती आता सहा वर्षांची आहे आणि पावसाळा सोडला तर आम्ही अंगणातच झोपतो. मला एकच हवं होतं. पोरीला छपराखाली झोपवल्यावर माझाही डोळा लागेल, असं घर. नविन म्हणतो, तुला घर नकोय, तिजोरी हवीय.

सासूबाई बाहेरच्या खोलीत प्रितेशभाईंच्या आईजवळ, अंबूबाईंजवळ, चहा घेत बसल्या होत्या. तेवढ्यात फरशीतून घरघर आली. काचा थरथरल्या.

पुढचं नीट आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी अंगणाच्या मधोमध होते, मयुरा कडेवर, पाय अनवाणी. माझ्याही पुढे सासूबाई उभ्या होत्या, ज्यांना गुडघ्यांमुळे दोन पायऱ्या चढवत नाहीत. नविन शेवटचा, पण चहाचा थेंबही न सांडता कप घेऊन आला होता. अंगणातल्या नारळाच्या झाडापासून लांब उभे राहून आम्ही घराकडे बघत होतो, आता पडतंय की मग पडतंय.

प्रितेशभाई दारात आले. "मालगाडी आहे," हळूच म्हणाले.

चिकूच्या झाडांमागून डबे चालले होते. संपतच नव्हते.

अंबूबाईंनी हसून हसून पदर डोळ्यांना लावला. "मी याला म्हणत होते, गाड्यांचं आधीच सांगून टाक. तर हा म्हणे, दुपारी गाड्या कमी, तेव्हाच बोलावू गिऱ्हाइकाला!"

"आई, तू आत जा बघू."

"आत कशाला? सगळं गिऱ्हाईक तर बाहेर आहे."

"दिवसाला किती गाड्या जातात?" नविनने विचारलं.

"मोजल्या नाहीत कधी."

"आमची ही मोजेल. आणि दर गाडीला पळेल."

सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "मला पसंत आहे. इथे हललं तर शिव्या कुणाला द्यायच्या ते तरी कळतं."

सगळे हसले. मी नाही. "आणि खरंच जमीन हलली तर? मालगाडी समजून आतच बसून राहिलो तर?"

अंबूबाई जवळ आल्या. "इथेही जाणवतं गं कधीमधी, खोटं कशाला बोलू? पण गाडी एका बाजूने येते. आधी आवाज, मग थरथर. ते दुसरं खालून धक्का देतं. बस तासभर, आपोआप कळेल."

मग मी बसले. घर बघायला आलेली बाई फरशीवर तळवे टेकून गाडीची वाट बघते, हे प्रितेशभाईंना नवीन असावं. दुसऱ्या गाडीला मी दारापर्यंत गेले. तिसरीला अर्धी उठले. मयुरा मात्र खिडकीचे गज धरून डबे मोजत होती. "इकडे ये," म्हटलं, तर वळलीसुद्धा नाही. "थांब ना, मम्मी, चुकेल!"

चौथी गाडी उजवीकडून आली. आधी आवाज, मग थरथर. मयुराचा फ्रॉक मी मुठीत धरला होता, पण बसून राहिले.

"घेऊ या," मी म्हणाले. "फक्त पुढचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करून द्या. धावताना दार आत ओढण्यात वेळ जायला नको."

"बाहेर उघडणारं? भाभी, लोक हसतील."

"ते आजच हसून झालं," अंबूबाई म्हणाल्या आणि सुताराला फोन लावायला मोबाइल मुलाच्या हातात दिला.