टिकलीचा उजवा गोल

"वरातीची घोडी शेवटी वरातीचीच राहते," असं क्लब चालवणारे किरण सर म्हणाले तेव्हा मी टिकलीचे खूर साफ करत होते. वाक्य घोडीबद्दल होतं, पण ऐकवलं मला होतं. माझे वडील बँडमध्ये ढोल वाजवतात हे बोरिवलीच्या आमच्या रायडिंग क्लबात सगळ्यांना ठाऊक आहे. मी ते कधी लपवलं नाही, लपवणारही नाही. मी टिकलीचा पाय खाली ठेवला आणि म्हटलं, "मग सर, मलाही घरी भांडुपला परत पाठवा. मीपण वरातीतलीच." सर हसले. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

कपाळावर पांढरा ठिपका म्हणून ती टिकली. कुर्ल्याच्या धोंडिरामकाकांची घोडी. लग्नसराईत पुढे बाबांचा बँड आणि मागे टिकलीला धरून काका, हे मी लहानपणापासून बघत आले. गेल्या वर्षी कुणा हौशी वऱ्हाड्यानं तिच्या पायांतच फटाक्यांची माळ टाकली. मागचा पाय भाजला. तेव्हापासून रोषणाई दिसली तरी तिला कापरं भरतं. काकांनी धंदा बंद केला, गावी जायचं ठरवलं आणि घोडी माझ्या हातात देऊन गेले. "संघमित्रा, हिला परत वरातीत धाडू नको गं. एवढंच कर," म्हणाले.

एवढंच करणं सोपं नव्हतं. तिला ठेवायला जागा क्लबातच, आणि तिथे फुकट चारा कुणालाच नाही. आमच्याकडे नवख्यांना आधी लंजवर बसवतात. ट्रेनर मधोमध लांब दोरी धरून उभा राहतो, घोडा त्याच्याभोवती शांतपणे गोल फिरतो आणि वर बसलेला माणूस लगाम न धरता तोल सांभाळायला शिकतो. डावा गोल आणि उजवा गोल, दोन्ही जमले पाहिजेत. ज्या घोड्याला हे येत नाही तो आम्हाला निरुपयोगी. पालकांसाठीच्या कार्यक्रमापर्यंत टिकली तयार झाली नाही, तर सर तिला बाळाशेठला देणार होते. बाळाशेठ लग्नांना घोडे पुरवतो. त्याचा माणूस येऊन तिचे दात बघूनही गेला होता.

सुरुवातीला नुसता तमाशा झाला. ट्रेनरच्या कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे मी मधोमध उभी राहिले आणि ती बाहेर सरकावी म्हणून चाबूक तिच्या खांद्याकडे दाखवला. ती सरळ माझ्यापाशी आली आणि जागच्या जागी नाचायला लागली. मी चाबूक हलवला, तशी आणखी जोरात नाचली. मग मागच्या पायांवर उभी राहिली आणि खाली येऊन माझ्याकडे शाबासकीसाठी बघत बसली. तबेल्यातली पोरं शिट्ट्या मारत होती. मी तिला नाही नाही ते बोलले.

संध्याकाळी घरी बाबा ढोलाच्या दोऱ्या ताणत बसले होते. त्यांचा हात ढोलावर पडला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वरातीच्या घोडीला नाच शिकवतात तो काठीनंच. पुढच्या पायाला काठी हलकेच लावायची, सोबत ढोल वाजवायचा, पाय उचलला की गूळ द्यायचा. खांद्याजवळ आलेली काठी म्हणजे नाच, हे टिकली आयुष्यभर शिकली होती. त्यात भर म्हणजे तिच्या डाव्या गालाशी कायम कुणीतरी माणूस असायचा. गर्दीत तोच तिचा आधार. आणि मी तिला सांगत होते, लांब जा, एकटी चाल. ती कशाला जाईल?

दुसऱ्या दिवसापासून चाबूक खुंटीवर गेला. मी तिच्या डाव्या गालाशी चालत मोठा गोल मारायला लागले आणि रोज दोरी थोडी थोडी सोडत गेले. ती परत जवळ आली की न रागावता पुन्हा पुढे न्यायचे. डावा गोल बसला. उजव्यानं मात्र घाम काढला. उजवीकडून तिच्यासोबत कुणी कधी चाललंच नव्हतं. मी त्या बाजूला गेले की ती अख्खी वळून मला पुन्हा डावीकडे घ्यायची. मग मी खरारा, चारा, खूर सगळं उजवीकडून करायला लागले.

"उलटं काम करतेस तू," सर म्हणाले. "घोड्याला डावीकडून हाताळायचं असतं. नियम आहे."

"तिला सांगून बघा ना सर, ऐकते का."

कार्यक्रमाच्या दिवशी कुंपणाला लागून पालक मोबाइल काढून उभे होते. टिकलीचा डावा गोल झकास झाला. मी दिशा बदलायला थांबले, तेवढ्यात सर चाबूक घेऊन आत आले.

"हा धर."

"नको, सर."

"लोक बघतायत. चाबकाशिवाय लंज करणारा ट्रेनर बघितलाय का कुणी?"

"आज बघतील."

सरांनी माझ्या हातातून दोरी ओढून घेतली आणि चाबूक तिच्या खांद्याकडे रोखला. व्हायचं तेच झालं. टिकली नाचली, दोन पायांवर उभी राहिली. "अरे, ही तर लग्नातली घोडी!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे खो खो हसले. टिकली सरांकडे गुळाच्या आशेनं बघत होती. माझं डोकं असं सणकलं की कान गरम झाले.

"बघितलंस?" सरांनी दोरी माझ्याकडे फेकली. "बाळाशेठला फोन करतो."

"तिचं काय चुकलं, सर?" मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "तुम्ही नाच म्हणालात, ती नाचली. आता बसा तिच्यावर. उजवा गोल."

 इतक्या लोकांसमोर घोड्यावर बसायला सर नाही कसं म्हणणार? बसले.

"लगाम सोडा. हात बाजूला, खांद्याच्या रेषेत," मी म्हटलं. नवख्यांवर ते रोज हेच ओरडतात.

सरांच्या हातातला चाबूक घेऊन मी कुंपणाबाहेर टाकला. "चल, टिकली." ती दोन पावलं गेली आणि मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. आता आली जवळ, संपलं, असं मला वाटलं. पण मी तिला बोलावलं नाही, दटावलं नाही, फक्त तिच्या बाजूनं एक पाऊल चालले. तिनं मान सरळ केली. दोरी माझ्या हातातून सरकत गेली आणि टिकली लांबून, एकटी, उजव्या गोलात चालायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता आणि मला पुसायचंही नव्हतं.

मी तिला दुडक्या चालीवर घेतलं. सर हात पसरून खोगिरावर आपटायला लागले.

"बस, थांबव आता!"

"थांबवते. फोनचं काय ते सांगा."

"कसला फोन?"

"बाळाशेठचा."

टिकली कुंपणाजवळून गेली. आता मोबाइल सरांवर रोखलेले होते.

"नाही करत!"

"मोठ्यानं, सर. मागे ऐकू जात नाही."

"नाही करत म्हटलं ना! राहू दे तिला इथं!"

काम झालं होतं. मी तिला थांबवू शकले असते. पण टिकली रंगात आली होती आणि खरं सांगायचं तर मीही. मी दोरी आणखी थोडी सोडली आणि तिला अजून एक फेरी मारू दिली.