वाकड्या पंखांचं विमान

हो, विमानच बोलतोय मी! पण वर आभाळात नका बघू, इकडे फडताळावर बघा. हातभर लांबी, थर्माकोलचं अंग आणि नाकात वजनाला खुपसलेला खिळा. बावड्याच्या शाळेत गॅदरिंगचं 'सुस्वागतम्' कापून उरलेल्या तुकड्यातून अंजलीने मला घडवलं, ९६ साली.

अंजली तेव्हा नववीत. इंदापूरच्या विज्ञान प्रदर्शनात हे विमान मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडवून दाखवीन, असं तिने सरांना छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि मी? हातातून सुटलो की डावीकडे कलंडायचो आणि नाक मातीत. लाज वाटायची हो!

एकदा तर पंख मधोमध मोडले. तिने घाईघाईत चिकटपट्टीने जोडले, तेव्हा दोन्ही टोकं थोडी वर उचललेली राहिली. आणि काय सांगू, कललो तरी माझा मीच सावरायला लागलो! अंजली अंगणभर नाचली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती मैत्रिणीकडे गेली असताना तिचे वडील भानुदास कामावरून आले. हा माणूस नावाजलेला गवंडी; भिंतीत केसाएवढा फरक त्याला खपत नाही. पोरीच्या विमानाचे पंख असे वाकडे? त्याने सपाटी तपासायची लेव्हलची बाटली काढली, पंख एका रेषेत आणले, बांबूची काडी घालून पक्के चिकटवले आणि मला खोक्यात बांधून ठेवलं. इतक्या मायेने आजवर मला कुणी हात लावला नव्हता. काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी भानुदासही सोबत आला. इंदापुरात अंजलीने खोकं उघडलं.

"आबा, पंख कुनी सरळ केलं?"

"मीच. लई वाकडं दिसत हुतं."

"तसंच पायजे हुतं वो!" तिचा आवाज रडवेला झाला. परीक्षक दोन टेबलांच्या अंतरावर येऊन ठेपले होते.

"वाकडं कसं उडंल, पोरी?"

"हे उडवून बघा मग."

त्याने फेकलं. मी कोलांटी खाऊन आपटलो. भानुदासचा चेहरा पार उतरला. त्याने मला गुडघ्यावर घेतलं आणि स्वतःच चिकटवलेला पंखांचा जोड कट्कन मोडला.

"किती उचलू, तू सांग."

"आनखी जरा... बास!"

जन्मात पहिल्यांदा तो जाणूनबुजून वाकडं काम करत होता, तेही लेकीच्या हुकमाने. मग अंजलीने मला सोडलं आणि मी सरळ गेलो, पार पलीकडच्या तारेच्या कुंपणापर्यंत! नंबर दुसरा आला. पण परतीच्या एसटीत भानुदास मला मांडीवर घेऊन कंडक्टरलाही सांगत होता, "आमच्या अंजलीनं केलंय."

आता ९९ साल आहे. अंजली बारामतीला डिप्लोमा करते. माझी चिकटपट्टी पिवळी पडली, कडा झडल्या. घरात कुणी नसलं की भानुदास हळूच मला काढतो, अंगणात उडवतो, धावत जाऊन उचलतो. परवा बायकोने, अक्काबाईने पकडलंच.

"अवो, पोरीचं हाय ते! मोडलं म्हंजी?"

"न्हाय मोडत. ती आल्यासारखं वाटतं गं."

अंजली, सुट्टी लागली की लगेच निघ, बाई. मी फार दिवस टिकेन असं वाटत नाही, आणि हा माणूस काही थांबत नाही.